ताणा, बाणा आणि ताण

कापड विकत घेताना आपण सूत पाहतो, रंग पाहतो, पोत बोटांनी चाचपतो आणि मग भाव करतो. सूत किती नंबरचे, रंग पक्का की कच्चा, असे विचारणारी जाणकार गिऱ्हाइकेही पुष्कळ असतात. परंतु मागावर असताना हे सूत किती ताणलेले होते, असा प्रश्न दुकानात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ताण डोळ्यांना दिसत नाही आणि कापड मागावरून उतरले की तो सुटूनही जातो. तरीसुद्धा कापड किती रुंद भरेल, घट्ट होईल की विरळ, धुतल्यावर आटेल की टिकेल, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहील की सुरकुतेल, हे पुष्कळ अंशी त्या न दिसणाऱ्या ताणावरच ठरते.

मालेगाव आणि भिवंडी येथील हजारो मुस्लिम कुटुंबांची चूल गेल्या कित्येक पिढ्या मागाच्या कमाईवर पेटली आहे. या घरांतील मुलामुलींनी वाडवडिलांच्या धंद्याकडे केवळ पोटापाण्याचे साधन म्हणून न पाहता एक विद्या म्हणून पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेखात ताणाचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

शब्दांत दडलेले शास्त्र

मागावर उभे लावलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. ‘ताणा’ या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे या धातूत आहे. तंतू, तंत्र हे शब्दही त्याच धातूपासून आले. प्राचीन भाषेत ‘तंत्र’ म्हणजे माग किंवा मागावरचा ताणा. आज आपण ज्याला तंत्रशिक्षण म्हणतो, त्यातला ‘तंत्र’ हा शब्द अशा रीतीने विणकराच्या घरचाच आहे. फारसीत ताण्याबाण्याला ‘तार-ओ-पूद’ म्हणतात, आणि हिंदी-उर्दूतला ‘करघा’ हा शब्द फारसी ‘कारगाह’ म्हणजे कामाची जागा यावरून आला आहे. संस्कृत आणि फारसी या दोन्ही परंपरांतील शब्द विणकराच्या एकाच खोलीत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आले आहेत.

ताण कापडाला काय करतो?

विद्यार्थी मित्रांनी एक सोपा प्रयोग घरी करून पाहावा. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला वरखाली खाचा पाडून त्यांत जाड दोरा घट्ट ताणून गुंडाळा आणि सुईने दुसरा दोरा एक सोडून एक असा आडवा विणा. आडवा दोरा उभ्या दोऱ्यांवरून नागमोडी गेलेला दिसेल. उभे दोरे मात्र जवळजवळ सरळ राहतील. आता दुसऱ्या पुठ्ठ्यावर उभे दोरे सैल ठेवा आणि आडवा दोरा ओढून घ्या. या खेपेस आडवा दोरा सरळ राहील व उभे दोरे त्याच्या भोवती वाकतील. दोरे तेच, वीणही तीच, परंतु कापड निराळे झाले. फरक पडला तो केवळ ताणामुळे.

धाग्याच्या या नागमोडीला आपण मुरड म्हणू. कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याला ओलांडून जातो, म्हणून कोणाला तरी वाकावेच लागते. ज्याच्यावर ताण अधिक तो सरळ राहतो आणि ज्याच्यावर कमी तो मुरडतो. शंभर मीटर लांबीचा ताणा विणून चौऱ्याण्णव मीटर कापड निघाले, तर उरलेले सहा मीटर सूत कोठे गेले, असे नवख्याला वाटते. ते हरवलेले नसते, तर त्या मुरडीत गेलेले असते.

यावरून पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात. ताणा फार घट्ट ठेवून विणले तर उभ्या धाग्यांत मुरड कमी पडते आणि कापड लांबीला अधिक भरल्यासारखे दिसते. परंतु पहिल्याच धुण्यात सूत भिजते, कोंडलेला ताण सुटतो, उभे धागे आपली राहिलेली मुरड घेतात आणि कापड लांबीत आटते. सदरा एका पावसाळ्यात आखूड होतो त्याचे एक कारण हेच. बाण्याचा धागा जास्त ओढला गेला तर दोन्ही काठ आत खेचले जातात व पन्हा कमी भरतो. म्हणून विणकर आपल्या पुढ्यातील कापडावर, दोन्ही काठांना टोचून, एक कमान आडवी बसवीत असे. यंत्रमागावर त्याच कमानीचे काम करणाऱ्या साधनाला टेंपल म्हणतात.

ताणा सैल पडला तर निराळीच दुखणी निर्माण होतात. उभ्या धाग्यांचे दोन थर नीट उघडत नाहीत, धोटा मधल्या धाग्यांना अडतो आणि नको तेथे धागे मोकळे सुटतात. फणी ठोकली तरी बाणा जागेवर दाबला जात नाही, कारण कापडच फणीबरोबर पुढे सरकते. ताणा प्रमाणाबाहेर घट्ट असेल तर सूत वारंवार तुटते. काही धागे घट्ट व काही सैल असले तर कापडावर उभी रेघ उमटते किंवा कापडाला फुगवटे येतात. मधेच माग थांबला, ताण बदलला आणि तो न जुळवता पुन्हा काम सुरू केले, तर त्या ठिकाणी आडवा पट्टा पडतो आणि रंगणीनंतर तो अधिकच उठून दिसतो.

खड्ड्यातला माग

उत्तर हिंदुस्थानातील बनारस, आझमगड, मऊ, मुबारकपूर या भागांतील मोमीन विणकर १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकले. उठावानंतरची धरपकड, दुष्काळ आणि विलायती कापडाने बुडवलेला धंदा ही त्याची कारणे. मुंबई-आग्रा रस्त्याने येता येता मोसम नदीकाठचे मालेगाव आणि मुंबईजवळची भिवंडी येथे त्यांनी मुक्काम केला आणि पुढे तेथेच त्यांची वस्ती झाली. मालेगावच्या मागांवर इकडच्या बायकांना लागणारी रंगीत लुगडी विणली जाऊ लागली. विणणारा घरी भोजपुरी वळणाची उर्दू बोलणारा आणि नेसणारी मराठी बोलणारी शेतकरीण, असे हे नाते होते.

त्यांचा माग खड्ड्यातला असे. विणकर जमिनीच्या कडेवर बसे आणि त्याचे पाय खड्ड्यातील पावड्यांवर असत. ताण्याचे दुसरे टोक दूरच्या खुंटाला दोरीने बांधलेले असे आणि तीच दोरी वळवून विणकराच्या हाताशी असलेल्या खुंटीपर्यंत आणलेली असे. थोडे कापड विणून झाले की जागेवरून न उठता तो दोरी थोडी सैल करी, विणलेले कापड पुढ्यातल्या लाटेवर गुंडाळी, आणि ताण्यावर तळहात दाबून ताण बरोबर झाला की नाही हे पाही. मोजमापाचे साधन असे काहीच नव्हते. तळहात हाच त्याचा काटा. धोटा तो हातानेच फेकी व दुसऱ्या हाताने झेली. त्यामुळे बाण्याचा ताणही त्याच्या बोटांतच असे.

परंतु ताण सांभाळणारा विणकर एकटा नव्हता. ताणा मागावर चढण्यापूर्वी त्याला खळ देऊन, कुंच्याने सारखा करून वाळवावा लागे. याला पांजणी म्हणतात. पांजणीमुळे सुतावर पातळ कवच चढते आणि ते ताण व घर्षण सोसते. हे काम सकाळच्या गारव्यात, गल्लीत लांबवर ताणा पसरून चाले आणि त्यात घरातली सारी माणसे लागत. कांड्या भरण्याचे काम बहुधा बायका व मुले करीत. कांडी कोठे सैल, कोठे घट्ट भरली गेली तर बाणा धक्के खात सुटे आणि काठ वाकडा होई. म्हणजे कापडाच्या सरळ काठामागे माजघरात बसलेल्या आईचा व बहिणीचा हातही असे. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांचे नाव क्वचितच आले.

सूत जितके बारीक तितके हे काम कठीण. याचे सर्वांत मोठे उदाहरण ढाक्याच्या मलमलीचे. इतके नाजूक सूत ताण सोसणार कसे? त्याचे उत्तर हवेतील ओलाव्यात होते. कापसाचा धागा दमट असताना अधिक बळकट असतो. म्हणून उत्तम मलमल पावसाळी महिन्यांत विणली जाई. ढाक्याचे सिव्हिल सर्जन जेम्स टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवले आहे की, कोरड्या उन्हाळ्यात विणकर ताण्याखाली पाण्याची उथळ भांडी ठेवीत. या कारागिरांत हिंदू तांती होते तसेच मुसलमान जुलाहेही होते. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय त्यांनी सूत, ओलावा आणि ताण यांचा संबंध ओळखला होता. मालेगावच्या कोरड्या हवेत खड्ड्यातला गारवाही सुताला असाच मानवत असे.

ताणातून साधलेली कारागिरी

ताण सर्वत्र सारखा ठेवणे हे एक कौशल्य, तर तो मुद्दाम वेगवेगळा ठेवून नवे कापड निर्माण करणे हे त्याहून मोठे कौशल्य. इंग्रजीत ‘सीरसकर’ नावाचे एक सुरकुत्या पट्ट्यांचे कापड प्रसिद्ध आहे. हा शब्द फारसी ‘शीर-ओ-शकर’ म्हणजे दूध आणि साखर यावरून आला आणि अठराव्या शतकात तो हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला. एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, तर शेजारचा साखरेसारखा खरबरीत. यंत्रमागावर हे कापड काढताना दोन वेगळे बीम लावतात. एकातील धागे घट्ट ठेवतात व दुसऱ्यातील सैल सोडतात. सैल धाग्यांची जास्तीची लांबी कापडात जागा न मिळाल्याने सुरकुतते आणि तीच नक्षी होते.

आपल्या घरातला टॉवेल हेही याच युक्तीचे अपत्य. तुर्कस्तानातील बुरसा हे शहर अशा फासेदार कापडाबद्दल जुन्या काळापासून प्रसिद्ध होते. तेथील नमुना पाहून इंग्लंडातील क्रिस्टी कंपनीने ते कापड यंत्रावर तयार केले व १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले. म्हणूनच त्याला ‘टर्किश टॉवेल’ म्हणतात. त्यात दोन ताणे असतात, एक घट्ट व एक सैल. बाण्याचे दोनतीन धागे आधी थोड्या अंतरावर ठेवतात आणि मग फणीच्या एका ठोक्यासरशी एकदम पुढे ढकलतात. घट्ट ताण्यावरून ते घसरत जातात आणि सैल ताणा त्यांच्याबरोबर वर उचलला जाऊन त्याचे फासे होतात. हे फासेच पाणी शोषतात. आपले सोलापूर ज्या टॉवेलांसाठी देशभर ओळखले जाते, त्यांचे सारे रहस्य दोन ताण्यांच्या दोन ताणांत आहे.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे हिमरूबरोबर विणला जाणारा मशरू हा तिसरा दाखला. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. निव्वळ रेशीम पुरुषांनी अंगाला लावू नये, म्हणून ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन असे विणायचे की रेशीम वर झळकावे आणि अंगाला सूत लागावे. अशा विणीत रेशमाचा धागा बाण्याच्या अनेक धाग्यांवरून मोकळा जातो. त्यातला एक जरी सैल राहिला तरी त्या चकाकत्या पृष्ठभागावर तो लगेच डोळ्यात भरतो. धार्मिक मर्यादा पाळण्यासाठी विणकराला ताणाचा असा कस लावावा लागला.

हातातून वजनाकडे

यंत्राचा इतिहास एका दृष्टीने ताण हातातून काढून घेण्याचा इतिहास आहे. इंग्लंडातील जॉन के याने १७३३ मध्ये झटक्याचा धोटा काढला. त्यामुळे वेग वाढला, पण बाण्याचा ताण बोटांतून निघून धोट्यातल्या कांडीकडे गेला. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पेटंट घेतले, तरी यंत्रमाग चांगला चालायला पुढे कित्येक वर्षे लागली. विणकर तळहाताने जे सहज करीत होता ते लोखंडाला शिकवणे सोपे नव्हते. स्टॉकपोर्टच्या विल्यम रॅडक्लिफने १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ताण्याला खळ देण्याचे यंत्र आणि कापड आपोआप गुंडाळणारे दातेरी चक्र पुढे आणले. यातील कल्पकता त्याच्या पदरी असलेल्या टॉमस जॉन्सन नावाच्या विणकराची होती आणि पेटंटेही त्याच्याच नावे घेतली गेली, ही गोष्ट आपल्या मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८४१ च्या सुमारास ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी रुळांचे टेंपल बसवले आणि ज्याला लँकेशायर माग म्हणतात तो जवळजवळ पूर्ण झाला.

या मागात ताण्याचा बीम आपोआप फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला दोर किंवा साखळी गुंडाळून तिला तरफेवर वजन टांगलेले असते. युक्ती सोपी आहे, पण तीत एक मेख आहे. भरलेल्या बीमवर सुताचा थर जाड असतो. समजा, त्याची त्रिज्या आठ इंच आहे. विणता विणता ती चार इंचांवर आली आणि वजन मात्र होते तेथेच राहिले, तर ताण दुप्पट होतो. म्हणून बीम उतरत जाईल तसतसे वजन तरफेवर थोडेथोडे मागे सरकवून दाब कमी करीत जावे लागते. हे न केल्यास एकाच बीमच्या पहिल्या व शेवटच्या थानांत फरक पडतो. सूत तेच, माग तोच, कामगारही तोच, आणि तरीही शेवटचे थान निराळे!

माग आला, पुस्तक आले नाही

मालेगाव व भिवंडी येथे यंत्रमाग १९३० च्या दशकात येऊ लागले. त्यांत मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही पुष्कळ होते. त्याच दशकात, १९३७ साली, मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ एफ. टी. पियर्स यांनी कापडाच्या रचनेची भूमिती या विषयावर आपला विख्यात निबंध प्रसिद्ध केला. साध्या विणीत उभ्या धाग्याच्या लाटेची उंची आणि आडव्या धाग्याच्या लाटेची उंची यांची बेरीज दोन्ही धाग्यांच्या जाडीच्या बेरजेइतकी असते, हे त्यांनी गणिताने मांडले. याचा अर्थ असा की, एकाने मुरड सोडली तर ती दुसऱ्याला घ्यावीच लागते. वर सांगितलेल्या पुठ्ठ्याच्या प्रयोगाचे हेच गणित.

विणकराच्या तळहाताला जे ठाऊक होते ते अशा रीतीने कागदावर आले. पण आमच्या गल्लीत माग पोहोचला, कागद पोहोचला नाही. हातमागावर ज्ञान हातात होते, तोवर पुस्तकाशिवाय चालले. यंत्रमागावर ताण हातातून गेला, वजनात आणि चाकात गेला. त्याच्याबरोबर ते ज्ञान पुस्तकातून परत मिळवणे आवश्यक होते. ते पुष्कळांना मिळाले नाही. परिणाम असा की, थानात पट्टा आला, पन्हा कमी भरला, तर व्यापाऱ्याने कपात करायची, मालकाने ती कामगाराच्या मजुरीतून वळती करायची आणि कामगाराने सुताला किंवा नशिबाला दोष द्यायचा. वजन कोठे असायला हवे होते, बीम भरताना काही धागे सैल गेले होते काय, सायझिंगमध्ये सूत जास्त ताणले गेले होते काय, हे प्रश्न विचारणाराच कोणी नसे. अज्ञानाची किंमत अखेर ज्याला सर्वांत कमी मिळते त्याने भरायची, असा हा व्यवहार होता.

आता काय करावे?

आज धोट्याविना चालणारे रेपियर व एअर-जेट माग आले आहेत. त्यांतील पुष्कळांवर ताणाची मोजणी विजेच्या उपकरणाने सतत होत असते आणि बीम किती सोडायचा हे यंत्रच ठरवते. पण यंत्राला आकडा मात्र माणसानेच द्यावा लागतो. कोणत्या सुताला, कोणत्या विणीला किती ताण, हा निर्णय घेणारा माणूस पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक, लागतो. तो माणूस आपल्या घरांतून का निघू नये?

या शिक्षणाची दारे महाराष्ट्रात केव्हाच उघडी झालेली आहेत. मुंबईची व्ही.जे.टी.आय. ही संस्था १८८७ साली निघाली, इचलकरंजीची डी.के.टी.ई. ही वस्त्रोद्योगाची संस्था १९८२ साली. मुंबईत ‘बिट्रा’ ही वस्त्र-संशोधन संस्था १९५४ पासून आहे. परंतु मागाजवळ वाढलेला मुलगा बहुधा शाळा अर्धवट सोडून मागावर उभा राहतो, आणि जो शिकतो तो मागाकडे पाठ फिरवतो. दोन्हींत विद्येचे नुकसान आहे. पहिल्याकडे अनुभव आहे पण शास्त्र नाही, तर दुसऱ्याकडे शास्त्र शिकण्याची ऐपत आहे पण त्याने अनुभव टाकून दिला आहे.

म्हणून पालकांना विनंती अशी की, धंद्यात हात कमी पडतो म्हणून मुलाला आठवी-नववीतून काढू नये. दोन-चार वर्षांची मजुरी बुडाली तरी चालेल. गणित आणि विज्ञान शिकलेला मुलगा तीच मजुरी कित्येक पटींनी भरून काढील. मुलींनाही या शिक्षणापासून दूर ठेवू नये. कांडी आणि पांजणी यांचे बारकावे ज्यांच्या आजीने सांभाळले, त्यांना वस्त्रविद्या परकी वाटण्याचे कारण नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात एखादे वृद्ध विणकर असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मागाच्या प्रत्येक भागाला ते काय म्हणत, ताण बरोबर आहे हे कसे ओळखत, उन्हाळ्यात काय करीत आणि पावसाळ्यात काय, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. नंतर शाळेतले विज्ञानाचे पुस्तक उघडून त्यातील बल, घर्षण आणि तरफ हे धडे त्या टिपणांशेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिलेली आढळेल. दादाजानांच्या तळहाताचे ज्ञान आणि मँचेस्टरच्या शास्त्रज्ञाचे गणित एकाच वहीत यावे, एवढे काम तुमच्या पिढीने केले तरी वाडवडिलांच्या कष्टांचे चीज होईल.